मोरचूद

"पण मंग हे सुटन कधी, हे त्याले सांगते कोण?"

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबांनी हे विचारलं आणि मी ते तिथेच उडवून लावलं. करीचा दिवस होता. संक्रांत आदल्या दिवशीच झालेली, तरी नागपुरातल्या महाल भागातल्या गच्च्यांवरचा "ओ काट"चा आरडाओरडा संपलेला नव्हता. बाबा सकाळी इतवारीतून पुठ्ठा घेऊन स्कूटरवर परत येत होते. मफलर होता, पण कानांना, गाल उघडाच. गांधीबागेच्या पुढे रस्त्यावर आडवा लोंबणारा नायलॉन मांजा त्यांच्या उजव्या गालावरून जबड्याच्या काठापर्यंत सरकून गेला. त्यांना कळलं ते पायाशी ठेवलेल्या पुठ्ठ्यावर थेंब पडले तेव्हा, आणि घरी आल्यावर पहिली तक्रार केली तीही पुठ्ठा डागाळल्याची. मी त्यांना ओढतच घराजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी. तिने बोटांनी गाल ताणून पाहिला, कापूस फिरवला आणि म्हणाली, "काका, जखम सरळ आहे, काठ स्वच्छ आहेत, खोल नाही. टाके नकोत. चिकटवून टाकते." 'चिकटवून' हा शब्द ऐकल्याबरोबर बाबांचे डोळे असे चमकले की मला हसू आलं. उभा जन्म पुस्तकं बांधत, खळीत हात घालून बसलेला माणूस. त्यांनी आरसा मागितला. तिने दोन बोटांनी जखमेचे काठ एकमेकांशी नीट आणून धरले आणि छोट्याशा नळीतला जांभळट द्रव वरून तीनदा पातळ फिरवला. जबडा न हलवता बाबा म्हणाले, "गरम लागून राहिलं." मग, "आत नाही ना लावलं? वरूनच?" "वरूनच, काका." "बरोबर. पट्टी मारल्यावाणी."

आणि मग पायऱ्यांवर तो प्रश्न. मी गाडीची किल्ली शोधत होते, मागून दोघे जण वाट मागत होते. म्हटलं, "विरघळतं ते आपोआप, बाबा. तुम्ही नका डोकं लावू त्यात."

मी गेली चार वर्षं नेमकं याच विषयावर काम करते, आणि माझं उत्तर चुकीचं होतं.

चूक लक्षात आली रात्री, पातेलं घासताना. जखमेवर वरून लावतात तो डिंक विरघळत नाही. ऑक्टिल सायनोअ‍ॅक्रिलेट त्याचं नाव. तो कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थराला धरून बसतो, आणि तो थर गळतो तेव्हा त्याच्याबरोबर पडतो. पाच ते दहा दिवस. त्याला कोणी काही सांगत नाही; कातडी आपली नेहमीची कामं करत असते, तेवढ्यात तो जातो. विरघळणारा डिंक वेगळा. तो आत लावायचा असतो, आतड्याला, फुप्फुसाला, रक्तवाहिनीला, जिथून पडून जायला वाट नाही. तो बनवायचा प्रयत्न आमच्या प्रयोगशाळेत चालू आहे. म्हणजे घाईघाईत मी माझं स्वतःचं, अजून न सुटलेलं गणित सुटलंय असं समजून त्यांच्या गालावर लावून मोकळी झाले. आणि वर "डोकं लावू नका". ते मात्र जास्त लागलं. वडिलांना असं बोलायची सवय आपल्याला कधी लागते कोण जाणे. बहुतेक पहिल्या पगाराच्या आसपास.

आमच्या घरात दोन पातेली होती. एक दुधाचं आणि एक खळीचं. दोन्ही सारखीच, बुडाला काळी झालेली, पण आईने खळीच्या पातेल्याच्या कानाला लाल दोरा बांधून ठेवला होता आणि ते स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत येत नसे. बाबा ओट्यावर वेगळ्या स्टोव्हवर खळ शिजवत. मैदा थंड पाण्यात कालवायचा, एकही गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही, नुसतं पांढरं पाणी. आणि मग अचानक एका क्षणी ते जड होतं, चमच्याला धरतं, पांढऱ्याचं दुधी काचेसारखं होतं. त्या क्षणाला बाबा म्हणायचे, "आली." कोण आली, हे मी लहानपणी खूपदा विचारलंय. पुढे कॉलेजात स्टार्चचे कण पाण्यात फुगून फुटतात हे शिकले तेव्हा सगळ्या वर्गात मला एकटीलाच त्या धड्याला वास होता: शिजलेल्या मैद्याचा, रॉकेलचा, आणि मागून येणारा एक तुरट, धातूसारखा वास.

तो मोरचुदाचा. कागदाच्या पुडीत निळे खडे यायचे. दिसायला इतके सुंदर की मी एकदा तोंडात घालायला निघाले होते आणि आईने मनगटावर असा फटका मारला होता की खडा नाल्यात गेला. मोरचूद विष आहे. खळ म्हणजे शेवटी पिठलंच. झुरळाला आवडतं, कागद खाणाऱ्या कसरीला आवडतं, उंदराला तर फारच, आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशीची दाढी येते. म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद वाटून घालायचा. ज्याने खाल्लं तो मरेल, आणि पुस्तक राहील. किती घालायचा याचं माप बाबांनी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण ते त्यांनाच बोटांनी माहीत होतं. कमी पडला तर दोन पावसाळ्यांत पुस्तकाच्या पाठीत बोगदे. जास्त झाला तर अस्तराच्या कागदावर हिरवट डाग फुटतात आणि बांधणाऱ्याची बोटं चिरतात. बाबांची बोटं हिवाळ्यात अजून चिरतात. शाळांच्या लायब्रऱ्या, वकिलांच्या फायली, कोणाच्या आजोबांची पोथी. त्या ओट्यावरून गेलेलं प्रत्येक पुस्तक थोडंसं विषारी होतं. तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

चामड्याच्या बांधणीला मात्र खळ चालत नसे. तिथे सरस. जनावरांची कातडी नि हाडं उकळून काढलेला, तपकिरी वड्यांचा, पाण्यात भिजवून गरम पाण्याच्या भांड्यात बसवून पातळ करायचा. त्याचा वास आला की शेजारच्या काकू खिडक्या लावून घेत. गंमत अशी, की आज माझ्या टेबलावर पांढऱ्या बरणीत जी बारीक, स्वच्छ, बिनवासाची पूड असते, जिचा भाव ऐकून आमचे अकाउंटंट दरवेळी चष्मा काढतात, ते जिलेटिन म्हणजे सरसच आहे. आंघोळ घालून, शाळेत घालून आणलेला. आम्ही ते एका वनस्पतीच्या डिंकाशी बांधतो. डिंकाच्या लांब साखळ्यांवर आधी ऑक्सिडेशन करून हात फुटवायचे आणि मग ते हात जिलेटिनचे हात धरतात. दोन पातळ द्रव एकत्र केले की थोड्या वेळात थुलथुलीत गोळा तयार. ही युक्ती आमची नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेतल्या लोकांनी २००५ मध्ये समुद्री शेवाळातलं अल्जिनेट आणि जिलेटिन असं बांधून जखमेवरचं आवरण केलं होतं. आम्ही शेवाळाच्या जागी झाडाचा डिंक घेतो, कारण समुद्र आमच्यापासून लांब आणि जंगल जवळ. विदर्भाच्या जंगलात धावडा आहे, कांडोळ आहे, बाभूळ तर पायाखाली आहे. कांडोळाचा डिंक तर पाश्चात्त्य देशांत कवळी हिरडीला धरून ठेवायला आणि पोटावर पिशवी लावावी लागणाऱ्या रुग्णांची कातडी सांभाळायला कितीतरी वर्षं वापरला गेलाय. आम्ही इकडे त्याचे लाडू करायचे की नाही यावर वाद घालतो.

बाहेरून हे काम फार शुभ्र कोटाचं वाटतं. प्रत्यक्षात दर मंगळवारी सकाळी मी मटणवाल्याकडे वजडी आणायला उभी असते. डिंक चिकटतो की नाही हे पाहायला ओलं, मऊ, निसरडं काहीतरी लागतं आणि बकऱ्याच्या आतड्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी मटणवाल्या भाऊने विचारलं, "ताई, साफ करून देऊ का?" म्हटलं, "नको, जशी आहे तशी." त्याने माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की मला खरं सांगायचा धीर झाला नाही. त्याच्या हिशेबात आमच्या घरी दर मंगळवारी वजडी होते. आतड्याचा तुकडा घ्यायचा, भोक पाडायचं, भोकावर डिंक लावायचा आणि मग आतून पाणी भरत दाब वाढवत न्यायचा; कुठल्या आकड्याला फुटतं ते लिहायचं. दुसरं काम त्याहून कंटाळवाणं. डिंकाच्या चकत्या शरीरातल्यासारख्या खारट पाण्यात ३७ अंशांवर ठेवायच्या आणि ठरावीक दिवसांनी काढून, टिपून, वजन करायचं. किती विरलं, किती उरलं. ३७ अंश म्हणजे शरीराचं तापमान. पण आमचा जुना इन्क्युबेटर फक्त गरम करतो, गार करत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४२ वर असते. दोन उन्हाळे आमच्या चकत्यांना सतत ताप होता. शेवटी सरांच्या केबिनमधल्या एसीखाली इन्क्युबेटर सरकवला आणि सर बाहेर पंख्याखाली बसले. संशोधनासाठी त्याग वगैरे म्हणतात तो मी हाच पाहिलाय.

चूक कबूल करायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिळाची वडी पुढे करत म्हटलं, "बाबा, तुमच्या गालावरचं विरघळणार नाही. पडेल." त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना माहीतच होतं. मग मी भरपाई म्हणून सगळी गोष्ट सांगितली. १९४२ साली, महायुद्धात, अमेरिकेत हॅरी कूवर नावाचा रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. हाती लागलं ते असलं की ज्याला लावावं त्याला चिकटून बसे, म्हणून कटकट समजून बाजूला टाकलं. १९५१ मध्ये तेच पुन्हा समोर आलं तेव्हा लक्षात आलं की ही कटकट विकता येईल. १९५८ मध्ये ते बाजारात आलं. हवेतली, वस्तूवरची जराशी ओल त्याला पुरते. ओल लागली की त्याच्या साखळ्या जुळतात आणि जुळताना उष्णता सुटते, म्हणून गालाला गरम लागलं. व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला त्याचा फवारा मारत. बाबांना लढाईच्या गोष्टी आवडतात, त्यामुळे इथपर्यंत वडी हातातच होती. "मंग आत काऊन नाही लावत?" म्हटलं, तो आत गेला की तुटताना त्यातून फॉर्मॅल्डिहाइड निघतं. "प्रेतं ठेवतात ते?" "तेच. साखळी आखूड असली तर भराभर निघतं आणि आजूबाजूचं जिवंत जाळतं. लांब असली तर हळू निघतं, त्रास कमी. म्हणून तुमच्यावर लांब साखळीचा लावला." दुकानातली पाच-दहा रुपयांची ट्यूब आखूड साखळीची असते, ती जखमेवर लावणारे महाभाग आहेत, आमच्या गल्लीतच दोघे आहेत. बाबांनी एकालाही नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाले, "म्हणजे त्यातबी मोरचूदच."

या एका वाक्याने माझी वडी घशात अडकली.

मला आठवला २०२३ चा सप्टेंबर. एका रात्रीत अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी, जिला आम्ही निर्लज्जपणे नाला म्हणतो, ती लोकांच्या बेडरूममध्ये शिरली. पुढचे पंधरा दिवस धरमपेठेतून, अंबाझरी ले-आउटमधून लोक पोत्यांत भरून पुस्तकं आणत होते. गाळाने भरलेली, फुगून दुप्पट झालेली. एका बाईंनी मुलाची पहिली ते दहावीची प्रगतिपुस्तकं आणली होती आणि त्या ओट्यावर बसून रडत होत्या, प्रगती फार काही झाली नव्हती तरी. सगळ्यांना घाई: लवकर बांधून द्या. बाबांनी कोणाचंच ऐकलं नाही. दर दहा पानांमागे वर्तमानपत्राचा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, पंख्याखाली ठेवायचं, पुन्हा बदलायचा. मी म्हटलं, थोडी ओल राहिली तर काय होतं, खळही ओलीच असते की. तेव्हा ते म्हणाले होते, "वल्ल्या कागदाले खळ लावली का ते कागदाले नाही, पाण्याले लागते."

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हेच लिहायला मला साडेतीन पानं लागली आहेत. शरीरात सगळं ओलं. डिंक आणि अवयव यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ पडदा असतो आणि डिंक त्या पडद्याला धरतो, अवयवाला नाही. निसर्गात यावर ज्याने त्याने आपापला तोडगा काढलाय. समुद्रकाठच्या खडकावरचे काळे-हिरवे शिंपले लाटांच्या माऱ्यात धागे टाकून घट्ट बसतात. त्या धाग्याच्या टोकाच्या प्रथिनात डोपा नावाचं एक अमिनो आम्ल ठासून भरलेलं आहे, हे हर्बर्ट वेट या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं आणि तेव्हापासून आमच्या क्षेत्रात निम्मी दुनिया त्या शिंपल्याच्या मागे आहे. मी रत्नागिरीला गेले होते तेव्हा एक ओढून पाहिला. नख तुटलं. कोळ्याला पाऊस-दवातही माशी धरायची असते, म्हणून त्याच्या जाळ्यावरचा चिकट थेंब आधी पाणी शोषून घेतो. ही कोळ्याची युक्ती घेऊन २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या मंडळींनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी केली. कोरडी पट्टी ओल्या अवयवावर ठेवायची. ती आधी मधलं पाणी पिऊन टाकते आणि मग पाच सेकंदांत धरते. तो शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खूप भारावले होते. पंख्याखाली वर्तमानपत्रं बदलणारे बाबा मात्र तेव्हा आठवले नाहीत, ते आत्ता, वडी घशात असताना. त्या पट्टीत एक सोयही आहे: जिलेटिनची केली तर लवकर विरते, खेकड्या-कोळंबीच्या कवचातलं कायटोसान वापरलं तर जास्त टिकते. सोय आहे, पण किती दिवसांची हवी ते शेवटी माणसानेच आधी ठरवायचं.

अजून एक गोष्ट मी त्यांच्याकडून उशिरा शिकले, आणि ही जरा झोंबणारी आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या डिंकाने एकदाचा दम दाखवला. दोन पट्ट्या चिकटवून यंत्रावर ओढल्या, तर जोड सुटलाच नाही. जोडाच्या कडेला आतडंच फाटलं. आम्ही पेढे वाटले. त्याच आठवड्यात बाबा एक ज्ञानेश्वरी घेऊन बसले होते. आधी कोणीतरी तिची पाठ बाजारातल्या पांढऱ्या गोंदाने भरून टाकली होती. गोंद वाळून दगड झालेला, आणि प्रत्येक पान त्या दगडाच्या काठाला बरोबर एका रेषेत फाटलेलं. बाबा सुरीच्या टोकाने दाणा-दाणा खरवडत होते आणि ज्याने ते केलं त्याचा वंश उद्धारत होते. "जोड कागदापेक्षा कडक झाला का कागद मरते. आपल्या खळीचं बरं, पाणी लावलं का सोडते. उद्याच्या माणसाले उघडता आलं पाह्यजे." मी पेढ्याचा डबा पुढे केला. आतडं दिवसभर आकुंचन-प्रसरण पावतं, फुप्फुस मिनिटाला पंधरा वेळा फुगतं. त्याच्यावर दगडाचं ठिगळ लावलं तर ते ठिगळाच्या काठाशी फाटणारच. माझा विक्रमी आकडा म्हणजे ती ज्ञानेश्वरी होती. हे मला तेव्हा दिसलं का? दिसलं. मी ते सरांना सांगितलं का? पुढच्या मार्चपर्यंत नाही. तो आकडा एका परिषदेच्या पोस्टरवर छापून झाला होता.

नवव्या दिवशी सकाळी बाबा माझ्या चहाच्या कपाशेजारी कॅलेंडरच्या पानाची घडी ठेवून गेले. आत एक जांभळट, पापुद्र्यासारखी, कडेला वळलेली कपची. टॉवेलला लागून आली होती. "हे घे तुयं विरघळलेलं." गालावर एक गुलाबी रेघ उरली होती, कंपासने काढल्यासारखी. मी कपची उजेडात धरली; तिच्या मागच्या बाजूला गालाच्या कातडीच्या रेषा जशाच्या तशा उमटल्या होत्या आणि पांढऱ्या दाढीचा एक खुंट तिच्यात उभा होता. त्याच सकाळी आमच्या समोरच्या कडुनिंबावर मागच्या वर्षीचा नायलॉन मांजा लोंबत होता, एक पावसाळा खाऊन रंगसुद्धा न उतरलेला. पूर्वीचा सुती मांजा, भात नि सरस नि काचेची पूड लावलेला, श्रावणापर्यंत कुजून जायचा. कापायचा तोही. पण जायचा.

मग एका रविवारी मला वजनं करायला जायचं होतं, तर बाबा म्हणाले, "मीबी येतो." चार वर्षांत पहिल्यांदा. खरं म्हणजे चार वर्षांत मी कधी बोलावलंच नव्हतं. ते स्टुलावर बसले, टोपी मांडीवर. मी बाटल्यांची ओळ पुढे ठेवली. त्यांनी एकेक उचलून, डोळे बारीक करून, खिडकीकडे धरून पाहिली.

"याच्यात काय हाय?"

"काही नाही. होतं. १९ दिवसांत गेलं."

"आणि जखम?"

"कोणाची?"

"ज्याच्या पोटात लावशीन त्याची. शेजारच्या पोराचं ढोपर चार दिसांत भरते. मले शुगर हाय, मले महिना लागते. तुयी बाटली तर दोघायले सारखीच."

हे कोणी सरांच्या समोर विचारलं असतं तर आम्ही त्याला व्हायव्हाचा परीक्षक म्हटलं असतं. मी त्यांना सांगितलं की शरीराची स्वतःची एक खळ असते. रक्त गोठताना फायब्रिनचं जाळं तयार होतं. तेच बाटलीत भरून शस्त्रक्रियेत वापरतातही. आणि त्या जाळ्यात, ते विणलं जात असतानाच, त्याला पुढे तोडणारा पदार्थ झोपलेल्या अवस्थेत अडकवून ठेवलेला असतो. काठावरच्या पेशी हळूहळू त्याला जागं करतात. म्हणजे कधी सुटायचं हे शरीराच्या खळीला बाहेरून कोणी सांगत नाही. बाबांनी हे नीट ऐकलं. "म्हणजे खळीतच कसर मिसळून ठेवली." हो. "आणि तुमच्या याच्यात?" म्हटलं, जिलेटिनला खाणारी कसर जखमेत असतेच, विकरं असतात; म्हणून आम्ही बाटल्यांचा दुसरा संच त्यातलंच एक विकर, कोलॅजिनेज, घालून ठेवतो. त्यात चकत्या फार लवकर जातात. "मंग ज्याले शुगर, त्याच्यात कसर कमी असन, हळू खाईन. झालं तं."

नाही ना बाबा. उलटं आहे. न भरणाऱ्या, मधुमेहातल्या जखमांत ती विकरं जास्तच असतात. जिथे डिंक सगळ्यात जास्त दिवस टिकायला हवा, तिथेच तो सगळ्यात आधी खाल्ला जातो.

ते बराच वेळ बोलले नाहीत. इन्क्युबेटरचा आवाज तेवढा येत होता. मग टोपी घालत म्हणाले, "मंग मोरचूद वाढव." मी म्हटलं, वाढवता येतो. साखळ्यांच्या गाठी वाढवल्या की डिंक उशिरा तुटतो. ग्लुटारअल्डिहाइडने बांधलेला एक डिंक अमेरिकेत २००१ पासून हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांसाठी वापरतात, धरतो चांगला. पण ते रसायन पेशींना मारतं, आणि गाठी वाढवल्या की डिंक कडकही होतो. "ज्ञानेश्वरीवाणी," बाबा म्हणाले. मग स्वतःच, माझ्याकडे न बघता, उजव्या हाताची बोटं समोर धरून पाहिली. थंडी संपत आली होती तरी अंगठ्याजवळची चीर अजून भरलेली नव्हती. "किती घालायचा ते मले कोणी सांगतलं नाही. दोन-तीनशे पुस्तकं वाया गेली असतीन पयले."

परत जाताना स्कूटर मी चालवली. मागे बसून ते पूर्ण रस्ताभर एका हाताने गालावर मफलर धरून होते.

दुसऱ्या दिवसापासून मी नवा संच लावला. सहा बाटल्या, प्रत्येकीत गाठींचं प्रमाण थोडं वेगळं, निम्म्यांत कोलॅजिनेज जास्त. झाकणांवर नावं लिहिली: मो-१ ते मो-६. गुरुवारी सर इन्क्युबेटर उघडून उभे होते. "हे 'मो' काय आहे?"

"मॉडिफाइड," मी म्हटलं.

घरी हे सांगितलेलं नाही.